माल निघालाच म्हणून समजा

शुक्रवार पेठेत बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीत मी इंग्रजी बोलायचा क्लास चालवते. आधी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सुनेच्या स्वयंपाकात चुका काढत बसण्यापेक्षा लोकांच्या इंग्रजीत काढलेल्या बऱ्या, असा ठराव घरच्यांनीच केला. क्लासला येणाऱ्या प्रत्येकाची पहिली मागणी ठरलेली असते. "मॅडम, लवकर शिकवा." मग मी फळ्यावर 'लवकर' एवढंच लिहिते आणि म्हणते, आधी याचं इंग्रजी करा.

तिथंच गाडी अडते. मराठीत आपण पहाटे लवकर उठतो, गाडी गाठायची म्हणून लवकर लवकर जेवतो आणि आजारी माणसाला 'लवकर बरे व्हा' म्हणतो. एका शब्दात दिवस निभावतो. इंग्रजीत उठायला 'अर्ली' लागतं, जेवायला 'क्विकली' आणि बरं व्हायला 'सून'. 'गेट अप सून' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस अंथरुणाला खिळलाय. कुठल्या क्रियापदाशेजारी वेळेचा कुठला शब्द बसतो, ते ज्याला कळलं त्याला इंग्रजी आलं असं मी मानते. बाकी सगळं पाठ करता येतं.

व्याकरणाच्या पुस्तकात हे शब्द मागच्या पानांवर बारीक टायपात असतात. त्यामुळं लोक त्यांना पोह्यांवरच्या कोथिंबिरीसारखं समजतात. घातली तर घातली. एक बँकेतले गृहस्थ रोज उशिरा यायचे आणि दारात उभं राहून म्हणायचे, "सॉरी, आय केम लेटली." 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. मी म्हणायचे, "हो, तुम्ही अलीकडंच आलात, बसा." त्यांना वाटायचं, मॅडमनी माफ केलं.

'ऑलरेडी' तर सोलापुरात मराठीच झालाय. 'पाहुणे ऑलरेडी उद्या येणार आहेत' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. याच शब्दापायी एका कारखानदाराचा धंदा बुडायची वेळ आली. ती हकिकत सांगते.

सत्यनारायणशेठ हे त्यांचं नाव. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलांचा कारखाना आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी, दोन्ही सारख्याच सफाईनं बोलणारे. इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारा पुतण्या हैदराबादला नोकरीला गेला आणि परदेशी गिऱ्हाईक शेठच्या अंगावर पडलं. हे गिऱ्हाईक म्हणजे अ‍ॅग्नेस नावाच्या इंग्लंडमधल्या एक बाई. तिकडच्या लहान लहान गेस्ट हाउसना त्या टॉवेल पुरवतात.

एका दुपारी शेठ माडी चढून आले, घाम पुसला आणि मोबाइल माझ्यापुढं ठेवला.

"मॅडम, ही बाई सोलापूरला येणार म्हणतीय. रागावलीय का खूश हाय, तेवढं सांगा."

मी निरोप वाचले. बाई अजिबात खूश नव्हत्या. पण शेठची उत्तरं वाचून मीच चकित झाले. इंग्रजी इतकं साफ, की माझ्या क्लासात कुणी असं लिहीत नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी मराठीत बोलतो, मोबाइल इंग्लिश करतो."

तेव्हा उलगडा झाला. बाईंनी विचारलं होतं, "हॅव यू सेंट द टॉवेल्स यट?" म्हणजे टॉवेल पाठवले का? शेठ मोबाइलला म्हणाले, "माल निघालाच म्हणून समजा." आता सोलापुरात हे वाक्य ऐकणारा काय समजतो? माल निघालेला नाही, आज निघणार नाही, पण माणूस भला आहे. मोबाइलनं मात्र लिहिलं, 'द गुड्स हॅव ऑलरेडी लेफ्ट.' माल गेलासुद्धा. प्रत्यक्षात सूत अजून रंगाऱ्याकडं होतं.

पुढं बाईंनी बोटीची चौकशी केली. शेठ म्हणाले, "बोटीचं आत्ताच बघतोय." मोबाइलनं कळवलं, मी या क्षणी बोटीकडे पाहतो आहे. त्यावर बाईंचं उत्तर होतं, किती छान, हवा कशी आहे तिथं?

"हवेचं का विचारलं, ते मला तेव्हा कळलंच नाही," शेठ म्हणाले. "मी लिहिलं, ऊन लई हाय."

मला हसू आवरेना. शेठही थोडे हसले, मग बोटानं खालचा निरोप दाखवला. बाईंचा शेवटचा निरोप खरोखर वाईट होता. शेठच्या शब्दावर विसंबून त्यांनी स्वतःच्या गिऱ्हाइकांना माल वाटेत असल्याचं सांगितलं होतं. एका जुन्या गेस्ट हाउसनं त्यांना खोटारड्या म्हणून तोडलं होतं. बाई एका लग्नासाठी हैदराबादला यायच्या होत्या; तिथून सोलापूरला येऊन कारखाना डोळ्यांनी बघणार होत्या. पुढचं काम द्यायचं की नाही, ते नंतर.

"मोबाइल चुकला म्हणून सांगू का?" शेठनी विचारलं.

"मोबाइलचं इंग्रजी बरोबर आहे," मी म्हटलं. "त्याला फक्त तुम्ही माहीत नाही."

शेठ क्लासला येऊ लागले. सोबत बिराप्पाला आणायचे. बिराप्पा त्यांचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा आणि सगळ्या मागांवर नजर ठेवणारा. मूळ सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाईंनी मागांबद्दल काही विचारलं तर कुणीतरी सांगणारा हवा, म्हणून शेठनी त्याला ओढून आणलं होतं. तो पहिल्या दिवशी दाराजवळ बसला आणि मला म्हणाला, "बाई, मला लई नगं. कामापुरतं द्या."

कामापुरतं म्हणून मी 'अजून' घेतलं. मराठीत माग अजून चालू आहे आणि माग अजून चालू झालेला नाही, दोन्हीकडं अजूनच. इंग्रजीत मात्र जे चाललंय त्याला 'स्टिल' लागतं, आणि जे व्हायचं राहिलंय त्याला 'नॉट यट'. 'स्टिल रनिंग'. 'नॉट रनिंग यट'.

बिराप्पानं डोकं खाजवलं. "म्हंजे चालूला ष्टिल, बंदला नॉट यट."

"तसंच धरा."

"मग माज्या सासूला काय म्हणायचं? माय मदर-इन-लॉ इज ष्टिल रनिंग?"

क्लास हसला. मी त्याला सांगितलं, की सासूला नुसतं 'स्टिल देअर' पुरे. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

शेठचं दुखणं वेगळं होतं. त्यांना शब्द कळत होते, तोंडातून निघत नव्हते. मी विचारायचे, "आर द टॉवेल्स रेडी?" खरं उत्तर होतं 'नॉट यट'. शेठ घसा खाकरायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "ऑलरेडी."

"शेठ, टॉवेल झालेत का?"

"होतील की."

"मग ऑलरेडी कसं? ऑलरेडी झालेल्या गोष्टीला. व्हायच्या गोष्टीशेजारी तो बसत नाही."

"मॅडम, आमचे वडील, नाना, सांगायचे, गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाही म्हणू नये. लक्ष्मी परत जाते."

"नॉट यट म्हणजे नाही नव्हे. आज नाही, एवढंच."

"नॉट आलं ना त्यात," शेठ म्हणाले.

मग ते 'सून'वर आले. 'सून' त्यांना फार आवडला. 'विल सेंड सून', 'विल पॅक सून'. कशाशेजारीही बसतो आणि तारीख सांगावी लागत नाही. मी म्हटलं, पहिल्यांदा सून ऐकलं की समोरचा थांबतो, तिसऱ्यांदा ऐकलं की दुसरा माल शोधतो. शेठनी ते ऐकून घेतलं. पटलं नाही, एवढं मला दिसलं.

बाई यायच्या दिवशी शेठनी मला कारखान्यावर नेलं. मी नुसती बाजूला उभी राहीन, अडलं तर सांगेन, असं ठरलं होतं. इरकल नेसून मी गेटात उतरले, तर शेठ हळूच म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून सांगितलंय. दिवसभराचा प्रश्न हाय."

मी काही बोलायच्या आत टॅक्सी आली. अ‍ॅग्नेसबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, पायांत चांगले मजबूत बूट. हात मिळवून त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "हाउ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?" इथं किती दिवस काम करता?

आता 'हाउ लाँग'ला उत्तर दोनच तऱ्हांनी देता येतं. किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स'. जन्मभर हेच शिकवलं. मी म्हटलं, "सिन्स धिस मॉर्निंग." आज सकाळपासून.

बाई खळखळून हसल्या. त्यांना विनोद वाटला. शेठना घाम फुटला होता, पण बाई हसल्या म्हणून तेही हसले. व्याकरणही सांभाळलं आणि खोटंही बोलले नाही, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात माझं लक्ष शेडच्या तोंडाशी गेलं.

तिथं हिरव्या किनारीच्या टॉवेलांची थप्पी लावली होती. छातीइतकी उंच, दोरीनं बांधलेली. बाईंनी मागितलेली किनार हिरवीच होती, पण कालपर्यंत बिराप्पा सांगत होता, की त्यांच्या टॉवेलांचं काम अर्धंही झालेलं नाही. रंगाऱ्यानं सूत भलत्याच छटेत रंगवलं, ते परत पाठवावं लागलं, त्यात दिवस गेले. मी बिराप्पाकडं पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच शेजारच्या कारखान्याकडं खूण केली. थप्पी उसनी होती.

शेठनी छाती पुढं काढली. हे वाक्य त्यांनी माझ्याकडं शिकायला मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. त्यांनी दुसरीकडून पाठ करून आणलं होतं. "मॅडम, युवर टॉवेल्स आर ऑलरेडी पॅक्ड."

व्याकरण बिनचूक होतं. मला त्याचंच वाईट वाटलं.

बाई थप्पीजवळ गेल्या. शेठ शहाळी फोडायला सांगायला वळले. तेवढ्या वेळात बाईंनी वरच्या टॉवेलावर हात फिरवला आणि जवळ उभ्या असलेल्या बिराप्पाला साधं विचारलं, "आर दीज माइन?" हे माझे का?

बिराप्पानं विचार केला. प्रश्न त्याला समजला होता, कारण 'माइन' आम्ही आदल्याच आठवड्यात घेतलं होतं. बाईंचे टॉवेल व्हायचे राहिलेत, आणि राहिलेल्याला काय लागतं तेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नॉट यट," तो म्हणाला.

बाईंनी हात मागं घेतला. "नॉट यट?"

"यस मॅडम. नॉट यट. कम." आणि तो चालू लागला. बाई त्याच्या मागं, मी बाईंच्या मागं आणि माझ्या मागं हातात शहाळं घेतलेले शेठ. बिराप्पा आम्हाला शेडच्या पार टोकाला घेऊन गेला. तिथं दोन मागांवर हिरव्या किनारीचं कापड उतरत होतं. शेजारचे दोन माग गप्प उभे होते.

बिराप्पानं चालत्या मागांवर हात ठेवला. "स्टिल." गप्प मागांकडं बोट केलं. "नॉट यट." मग कोपऱ्यातल्या विणून झालेल्या गठ्ठ्याकडं गेला आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "ऑलरेडी." तो गठ्ठा गुडघ्याएवढाही नव्हता.

मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर लिंबाखाली आलो. बाई शेठकडं वळल्या. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "व्हॉट एल्स हॅव यू टोल्ड मी?" आणखी काय काय सांगितलंय मला?

शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं असतं तर अर्थ बाईंपर्यंत पोचला असता, पण बाई शेठचं तोंड बघत होत्या. मी एक पाऊल मागं सरले. शेठच्या हातातलं शहाळं कलंडून पाणी चपलांवर सांडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. कारखाना वडिलांनी चार मागांवर उभा केलेला, आजूबाजूचे कितीतरी बंद पडलेले. हे काम गेलं तर त्यांच्याही शेडचा एक कोपरा कायमचा गप्प होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"मॅडम," शेठ म्हणाले. "टॉवेल्स... नॉट रेडी."



"नॉट रेडी यट," शेठ म्हणाले. तो शेवटचा शब्द त्यांनी असा काढला, की दाढ काढताना माणूस काढतो तसा आवाज आला. मग मात्र सगळंच बाहेर पडलं. रंगाऱ्याची छटा, परत गेलेलं सूत, शेजाऱ्याची थप्पी, नानांचं लक्ष्मीचं सांगणं. काळ चुकले, क्रियापदं पडली, मध्येच तेलुगू आली. 'माय फादर नेव्हर से नो' हे वाक्य तर मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात चुकीच्या आणि सगळ्यात खऱ्या वाक्यांपैकी एक होतं. मी एकही चूक सुधारली नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळं मी लोकांना खोटं सांगितलं, आणि ती माझी नेहमीची माणसं होती. हे त्यांनी दोनदा सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, कधी देणार?

"सू..." शेठनी सुरुवात केली, बिराप्पानं घसा खाकरला आणि शेठनी तो शब्द गिळला. ते बिराप्पाशी बाजूला जाऊन बोलले. परत येऊन तारीख सांगितली. बाईंना हवी होती त्यापेक्षा ती बरीच पुढची होती.

बाईंनी अर्धं काम काढून घेतलं. ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावंच लागेल म्हणाल्या, गेस्ट हाउसं थांबणार नाहीत. उरलेलं अर्धं ठेवलं, एका अटीवर. दर सोमवारी निरोप यायला हवा, आणि तो या माणसाकडून. 'या माणसाकडून' म्हणजे बिराप्पाकडून. टॅक्सीत बसताना मला म्हणाल्या, "तुम्ही खरंच आज सकाळपासून काम करता ना?" मी हो म्हटलं. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या.

त्या हंगामात शेठचे दोन माग बंद राहिले. त्यांवरचे विणकर चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला गेले. एक परत आला, एक आला नाही. शेठनी माझ्यावर किंवा बिराप्पावर राग काढला नाही, पण थप्पी शेजाऱ्याकडं परत नेताना त्यांचं तोंड मला बघवलं नाही. शब्द जागच्या जागी बसले की सगळं ठीक होतं, असं मी वर्षानुवर्षं फळ्यापुढं उभी राहून सांगत आले. शब्द जागी बसले तरी गेलेला माणूस जागेवर येत नाही, हे त्या दिवसांत कळलं.

बिराप्पाचे सोमवारचे निरोप मी वाचलेत. मोबाइलचं भाषांतर तो वापरत नाही. 'ग्रीन टॉवेल स्टिल. वन लूम ब्रोकन, नॉट यट ओके. बॉर्डर ऑलरेडी.' क्रियापद औषधालाही नसतं. परीक्षेत मी त्याला नापास केलं असतं. बाईंनी मात्र उत्तरं लांबलचक दिली, घरी सगळे कसे आहेत तेही विचारलं. 'मदर-इन-लॉ स्टिल देअर,' असं त्यानं कळवलं. माल सांगितलेल्या तारखेला निघाला. पुढच्या हंगामात गेलेलं अर्धं काम परत आलं, वर थोडं जास्त.

शेठ सुधारले असं मात्र कुणी समजू नये. म्हणजे ते इंग्रजीत सुधारले. इंग्रजी तोंडात आलं की त्यांना लिंबाखालची ती बाई आठवते आणि खरं तेच बाहेर पडतं. मराठीत आणि तेलुगूत त्यांचा कारभार जुनाच आहे. रंगाऱ्याला, सूतवाल्याला, पाव्हण्यारावळ्यांना ते अजूनही तोंडभरून काहीही सांगतात, आणि सगळे गोडीनं ऐकतात.

गेल्या महिन्यात माझ्या क्लासला एक नवीन बाई आल्या. जरीकाठाची साडी, हातात डब्याची पिशवी. पहिल्या बाकावर बसल्या. मी विचारलं, इंग्रजी कशासाठी हवंय?

"मी सत्यनारायणशेठची मिसेस," त्या म्हणाल्या. "तेलुगूत त्यांचं 'निघालोच' जन्मभर ऐकलं, मॅडम, आणि वाट बघून गार जेवले. मराठीत बाजार ऐकतोय. इंग्लिशमध्ये खरं बोलतात म्हणे. मला एवढं एकच वाक्य शिकवा, कारखान्यातून निघालात का."

मी शिकवलं. त्यांनी चारचौघांत न लाजता पाचसहा वेळा घोकलं, मग तिथंच मोबाइल काढून स्पीकर लावला. पलीकडून शेठ तेलुगूत काहीतरी लाडानं बोलले. बाईंनी त्यांना पुरं बोलू दिलं आणि विचारलं, "हॅव यू लेफ्ट द फॅक्टरी यट?"

पलीकडं मागांचा खडखडाट तेवढा येत राहिला. 

"आय ॲम स्टिल सिटिंग," शेठ म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला, पिशवी उचलली आणि समाधानानं आमच्याकडं पाहिलं. "येते मी," त्या म्हणाल्या. "आज गरम गरम जेवून घेते."